बर्डी कुठे गेली?

'ऑल अबाउट ईव्ह' (१९५०) साधारण मध्यावर येतो तेव्हा त्यातली एक बाई गायब होते. तिचं कुणाशी भांडण होत नाही, तिला कामावरून काढत नाहीत, ती मरतही नाही. मार्गो चॅनिंगच्या घरी ती गाजलेली पार्टी होते, पाहुण्यांच्या फरच्या कोटांचा बेडवर ढीग पडतो, त्यावर ही बाई एक टोमणा मारते, आणि पार्टीनंतर ती आपल्याला दिसतच नाही. उरलेल्या सिनेमात कुणी विचारतही नाही की बर्डी कुठे गेली.

बर्डी कूनन ही मार्गोची ड्रेसर. मार्गो म्हणजे ब्रॉडवेची राणी. तिचे कपडे, तिची न्याहारी आणि तिचा मूड सांभाळायचं काम बर्डीकडे. एके काळी बर्डी स्वतः वॉदव्हिलमध्ये, म्हणजे गाणी, नकला, कसरती यांच्या फिरत्या खेळांमध्ये स्टेजवर होती. ईव्ह हॅरिंग्टन नावाची गोड, गरीब मुलगी मार्गोच्या मेकअप रूममध्ये बसून आपली करुण कहाणी सांगते, तेव्हा खोलीतले सगळे विरघळतात. मार्गो विरघळते, नाटककाराची बायकोसुद्धा विरघळते. बर्डी मात्र ऐकून घेते आणि म्हणते की गोष्टीत सगळं आहे, फक्त मागे लागलेली शिकारी कुत्री तेवढी राहिली. खोटं खऱ्यासारखं दाखवणं हाच ज्यांचा धंदा, त्यांना समोरचं नाटक ओळखता येत नाही. जिचा धंदा कपडे हँगरला लावण्याचा, तिला येतं.

मार्गो तिला झापते, वर वॉदव्हिलवरून टोचते. बर्डी ईव्हची सरळ माफी मागते, पण मार्गोला ऐकवल्याशिवाय राहत नाही: मध्यंतराआधीचा शेवटचा आयटम अकरा वर्षं माझा होता, आणि हे तुला माहीत आहे.

त्या एका वाक्यात एक अख्खं आयुष्य आहे. सिनेमा तिथे थांबत नाही, कारण तो ईव्हचा आहे, मार्गोचा आहे. पण ते वाक्य म्हणणारी नटी त्याला जे वजन देते, ते मला तरी सिनेमा संपल्यावरही सोडत नाही. तिचं नाव थेल्मा रिटर. हा लेख तिच्याबद्दल आहे. (सिनेमे साठ-सत्तर वर्षं जुने आहेत, तेव्हा शेवट सांगणार आहे. चालत नसेल तर आधी बघून या.)

चरित्र नसलेली चरित्र अभिनेत्री

आपल्याकडे अशा नटांना 'चरित्र अभिनेता', 'चरित्र अभिनेत्री' म्हणतात. शब्द गमतीचा आहे. मराठीत चरित्र म्हणजे कुणाच्या तरी आयुष्याची हकिकत. आणि या मंडळींच्या वाट्याला येतात नेमकी ती माणसं, ज्यांना हकिकत दिलेलीच नसते. नायिकेला बालपण असतं, जुनं प्रेम असतं, स्वप्न असतं. तिच्या मोलकरणीला सकाळी किती वाजता यायचं एवढंच ठरलेलं असतं.

रिटरचं स्वतःचं चरित्र मात्र ऐकण्यासारखं आहे. जन्म १४ फेब्रुवारी १९०२, ब्रुकलिन. न्यूयॉर्कच्या 'अमेरिकन अकॅडमी ऑफ ड्रॅमॅटिक आर्ट्स'मध्ये शिक्षण. मग नाटकं, नाटक कंपन्या. जोसेफ मोरान या नटाशी लग्न झालं. तो पुढे नट राहिला नाही, जाहिरातीच्या धंद्यात गेला आणि तिथे वर चढला. दोन मुलं झाली आणि हिचं स्टेज मागे पडलं. नंतर रेडिओवर कामं. एवढ्यात चाळिशी उलटली.

१९४७ साली दिग्दर्शक जॉर्ज सीटन, जो या कुटुंबाचा स्नेही होता, न्यूयॉर्कमध्ये 'मिरॅकल ऑन थर्टी-फोर्थ स्ट्रीट' करत होता. त्यात तिला छोटंसं काम मिळालं. मेसीज या भल्यामोठ्या दुकानात, ख्रिसमसच्या गर्दीत, एक दमलेली आई. सगळी दुकानं पालथी घातली, तरी पोराला हवी असलेली खेळण्यातली आगगाडी, म्हणजे आग विझवणारी गाडी, सापडलेली नाही. आणि दुकानातला सांताक्लॉज पोराला सांगून मोकळा की नक्की मिळेल. ती त्याला फैलावर घेते. तेव्हा सांता तिला चक्क दुसऱ्या दुकानाचा पत्ता देतो. 'आमच्याकडे नाही, तिकडे मिळेल' असं एखादं दुकान सांगू शकतं हे तिच्या पचनी पडत नाही. मॅनेजरला शोधून ती सांगते की आता मी कायमची तुमची गिऱ्हाईक.

एवढंच काम. श्रेयनामावलीत तिचं नावही नाही. पण त्या बाईचे पाय दुखतायत हे कुणी न सांगता कळतं. वय ४५, सिनेमा पहिला. पुढच्या पंधरा वर्षांत याच बाईला सहा वेळा ऑस्करचं नामांकन मिळालं.

ती कसं ओळखते

एकामागोमाग एक तिचे सिनेमे बघताना मला एक गोष्ट दिसली. तिच्या बायका तोंडाळ आहेत, विनोदी आहेत, हे सगळेच लिहितात. त्याहून महत्त्वाचं हे की त्यांना गोष्टी इतरांच्या आधी कळतात. आणि त्या हुशार आहेत म्हणून नव्हे, तर त्या काम करतात म्हणून कळतात.

'रिअर विंडो' (१९५४) घ्या. पाय प्लास्टरमध्ये घालून खिडकीत बसलेला फोटोग्राफर जेफ (जेम्स स्टुअर्ट) आणि त्याची देखणी मैत्रीण लिसा (ग्रेस केली) सगळ्यांना आठवतात. पण सिनेमातला पहिला शहाणा आवाज स्टेलाचा आहे. ती विमा कंपनीने पाठवलेली नर्स. घरात शिरल्या शिरल्या ती जेफला दुसऱ्यांच्या खिडक्यांत डोकावण्याबद्दल झाडते आणि म्हणते की माणसांनी कधीतरी बाहेर उभं राहून आपल्याच घरात बघावं. हिचकॉकच्या सिनेमाचा सगळा नैतिक प्रश्न पहिल्या काही मिनिटांत नर्सच्या तोंडी येऊन गेला. ज्या कथेवरून सिनेमा घेतला, त्या कॉर्नेल वूलरिचच्या कथेत ही नर्स नाहीच; तिथे सॅम नावाचा घरगडी आहे. स्टेला ही पटकथाकार जॉन मायकल हेजची भर.

मग ती सांगते की १९२९ची शेअर बाजाराची पडझड तिला आधीच कळली होती. कशी? जनरल मोटर्सच्या एका डायरेक्टरची शुश्रूषा तिच्याकडे होती. डॉक्टर म्हणाले, मूत्रपिंडाचा त्रास. ती म्हणाली, नाही, हा धसका आहे. एवढ्या मोठ्या कंपनीला कसला धसका? माल जास्त झाला असणार, म्हणजे आता सगळं कोसळणार. जनरल मोटर्स दिवसातून दहा वेळा संडासला जायला लागली, की देशाचंही काही खरं नाही.

हा विनोद आहे, आणि रिटर तो विनोदासारखाच, थर्मामीटर झटकता झटकता म्हणते. पण मी सर्व्हरच्या बाजूचं काम करते, आणि मला तो विनोद म्हणून सोडून देता येत नाही. आमच्याकडे मोठ्या स्क्रीनवर सगळे आलेख हिरवे असतात. मीटिंगमध्ये तेच दाखवतात. सिस्टीम पडणार आहे हे त्या आलेखांवरून आधी क्वचितच कळतं. ते कळतं रात्रपाळीला बसून लॉग वाचणाऱ्याला, ज्याला एकच फालतू ओळ नेहमीपेक्षा जरा जास्त वेळा दिसते. ज्ञान बऱ्याचदा वर नसतं, जो बेडपॅन उचलतो त्याच्यापाशी असतं. स्टेलाचं अर्थशास्त्र बेडपॅनचं अर्थशास्त्र आहे.

बर्डीचंही तेच. ईव्ह किती प्रेमाने माझं सगळं करते, असं मार्गो म्हणते, तेव्हा बर्डी सांगते की ती तुझा अभ्यास करतेय. तू कशी चालतेस, बोलतेस, खातेस, झोपतेस. हे तिला कळतं, कारण तेच तिचं स्वतःचं काम आहे. मालकिणीला रोज बारकाईने बघणं ही तिची नोकरी. त्याच कामात दुसरी बाई वेगळ्याच हेतूने शिरली तर तिच्या नजरेतून सुटणार कशी?

आणि इथे मला हॉलिवूडची एक खोड दिसते. या बायकांचं ज्ञान सिनेमाला हवं असतं. त्यांनी धोक्याची घंटा वाजवायची, नायिकेला दोन खरे शब्द सुनवायचे, प्रेक्षकांना हसवायचं. काम झालं की सिनेमा पुढे जातो. बर्डी बरोबर ठरली हे मार्गोला कळतं, आपल्याला कळतं, पण बर्डीला ते सांगायला कुणी जात नाही.

सहा वेळा 'सहायक'

नामांकनांची यादी एकदा सरळ देते, कारण ती एकत्र वाचण्यात मजा आहे. 'ऑल अबाउट ईव्ह'साठी पहिलं. मग 'द मेटिंग सीझन' (१९५१), 'विथ अ साँग इन माय हार्ट' (१९५२), 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट' (१९५३), 'पिलो टॉक' (१९५९), 'बर्डमॅन ऑफ अल्कॅट्रॅझ' (१९६२). पहिली चार सलग चार वर्षांची. प्रत्येक वेळी सहायक अभिनेत्री, प्रत्येक वेळी पुतळी दुसऱ्या कुणाकडे. जोसेफाइन हल, किम हंटर, ग्लोरिया ग्रॅहम, डॉना रीड, शेली विंटर्स, पॅटी ड्यूक. १९५५ साली तर ऑस्कर सोहळा दोन शहरांत झाला, आणि हॉलिवूडमध्ये बॉब होप असताना न्यूयॉर्कच्या बाजूची सूत्रसंचालक होती थेल्मा रिटर. दुसऱ्यांची बक्षिसं जाहीर करायला उभी. (ब्रॉडवेने एवढा हात आखडता घेतला नाही. 'न्यू गर्ल इन टाउन' या संगीत नाटकासाठी तिला १९५८चं टोनी मिळालं, तेही ग्वेन व्हर्डनबरोबर विभागून.)

यातला 'द मेटिंग सीझन' मला सगळ्यात बोलका वाटतो. ती एलन मॅकनल्टी, हॅम्बर्गरची टपरी चालवणारी. टपरी बुडते, म्हणून ती मुलाकडे जाते. मुलाने नुकतंच वरच्या वर्गातल्या मुलीशी लग्न केलंय. सून दार उघडते आणि सासूला पाहून समजते की एजन्सीने स्वयंपाकीण पाठवली. एलन एक क्षण थांबते आणि कामाला लागते. मुलाला कळल्यावरही ती सोंग चालू ठेवते; मुलाच्या संसारात सासू म्हणून राहण्यापेक्षा स्वयंपाकीण म्हणून राहणं तिला सोपं वाटतं.

सिनेमा विनोदी आहे आणि शेवटी सगळं गोड होतं. पण त्या एका क्षणात रिटरच्या चेहऱ्यावर जे होतं ते विनोदी नाही. अपमान झालाय हे तिला कळलंय. तो अपमान आपण पेलू शकतो याचा हिशेब ती करतेय. आणि सुनेला वाईट वाटू नये याची काळजीही त्यातच आहे. गोष्ट पूर्णपणे या बाईभोवती फिरते. तरी पडद्यावर जीन टियर्नी आणि जॉन लुंड यांची नावं आधी, आणि नामांकन 'सहायक' म्हणून. सिनेमातल्या सुनेने जे केलं, तेच सिनेमाधंद्यानेही केलं: समोरच्या बाईला बघितलं आणि स्वयंपाकीण समजून आत घेतलं.

एक गोष्ट नोंदवायलाच हवी. रिटरच्या मोलकरणींना मालकिणीला उलटून बोलायची जी मोकळीक होती, तिच्यात गोरेपणाचा मोठा वाटा होता. हॅटी मॅकडॅनियल 'गॉन विथ द विंड'साठी ऑस्कर घ्यायला गेली तेव्हा तिला वेगळ्या टेबलावर बसवलं होतं, आणि ऑस्करनंतरही तिच्याकडे मोलकरणींच्याच भूमिका येत राहिल्या. रिटरला निदान मोलकरणीनंतर नर्स, आई, पोलिसांची खबरी होता आलं. हॉलिवूडमध्ये स्वयंपाकघराचे दरवाजेसुद्धा सगळ्यांसाठी सारखे उघडत नव्हते.

आणि रिटरचं सगळंच काम थोर आहे असंही मी म्हणणार नाही. 'पिलो टॉक'मधली अल्मा ही रोज सकाळी दारूच्या उतारात कामावर येणारी मोलकरीण. लिफ्ट सुरू झाली की तिचं डोकं भणभणतं, आपण हसतो. हसू खरं आहे, टायमिंग अचूक आहे, पण तोवर 'थेल्मा रिटरची बाई' हा तयार साचा झाला होता. बर्डीच्या टोमण्यामागे अकरा वर्षांचं स्टेज होतं. अल्माच्या मागे फक्त मागच्या सिनेमांतली थेल्मा रिटर आहे.

मोची खोली

मग येतो तो सिनेमा, ज्यासाठी मी हे सगळं लिहायला बसले. सॅम्युएल फुलरचा 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट'. वरवर पाहता शीतयुद्धाचा थरारपट: स्किप नावाचा पाकीटमार (रिचर्ड विडमार्क) सबवेत एका मुलीची पर्स मारतो आणि त्यात कम्युनिस्ट हेरांची मायक्रोफिल्म निघते. सगळे स्किपच्या मागे लागतात, आणि त्याचा पत्ता माहीत आहे एका म्हातारीला. मो विल्यम्स. रस्त्यावर नेकटाय विकते, आणि सोबत चोरांची माहिती. पोलिसांनाही विकते, इतरांनाही.

पोलीस स्टेशनातला तिचा पहिला सीन म्हणजे सौदा कसा करावा याचा धडा आहे. पाकीट कसं मारलं हे ऐकून ती चोर ओळखते. प्रत्येकाची हाताची ढब वेगळी. पुन्हा तेच: कामाचं ज्ञान. भावही ती ठरवते, महागाई वाढली की दर वाढणार. पैसे कशासाठी? स्वतःच्या पुरणासाठी. लाँग आयलंडवरच्या चांगल्या दफनभूमीत जागा आणि दगडावर नाव. बेवारसांना पुरतात त्या पॉटर्स फील्डमध्ये जायची तिला भीती आहे. नीट मरता यावं म्हणून जगण्यापुरतं कमवत राहावं लागतं, अशी तिची अवस्था.

तिने आपला पत्ता विकला हे कळूनही स्किप चिडत नाही. तिलाही पोट आहे, एवढंच म्हणतो. या सिनेमात देशभक्त, पोलीस आणि हेर सगळे आहेत, पण सगळ्यात सरळ नातं या दोन भुरट्यांमध्ये आहे.

एका रात्री मो आपल्या खोलीवर येते. हा सीन म्हणजे रिटरच्या कामाचं शिखर. दिवसभर पायपीट झालेली. एक रेकॉर्ड लावते, बेडवर पडते. आणि खोलीत तो माणूस आहे, जोई, ज्याला स्किपचा पत्ता हवाय, आणि नाही दिला तर तो मारणार आहे. आयुष्यभर पत्ते विकलेली ही बाई हा एक पत्ता विकत नाही. पण ती शूर होऊन भाषण करत नाही. ती फक्त सांगते की ती किती दमलीय. जुनं घड्याळ मंदावत जावं तशी मंदावलेय. डोकं उडवलंस तर उपकारच होतील. रिटर हे रडत म्हणत नाही, दरडावून म्हणत नाही. शिफ्ट संपवून घरी आलेलं माणूस ज्या आवाजात बोलतं, तोच आवाज. कॅमेरा तिच्यावरून सरकत ग्रामोफोनकडे जातो. गाणं संपतं. गोळीचा आवाज आपण फक्त ऐकतो.

मला हा सीन बघताना पुन्हा पुन्हा जाणवतं की बर्डीची खोली आपण कधी पाहिली नाही. स्टेला जेफच्या घरून निघून कुठे जाते, कसल्या पलंगावर झोपते, ठाऊक नाही. त्या सगळ्या दुसऱ्यांच्या घरांत वावरतात. आणि फुलर तिला एकदाची स्वतःची खोली देतो, स्वतःचा ग्रामोफोन देतो, मनात धरलेली एक इच्छा देतो, तेव्हा ती तिथे मरते. 'मिरॅकल'मधल्या आईच्या पायातली ती कळ इथे बाहेर येते, असं मला वाटतं. बाकीच्या सिनेमांनी तो थकवा मसाल्यासारखा वापरला. फुलरने त्याच्याकडे बघितलं.

आणि तो तिला तशीच टाकून पुढेही जात नाही. बेवारस शवपेट्या घेऊन जाणाऱ्या बोटीवर स्किप चढतो आणि मोची पेटी मागून घेतो. तिला पुरायचंय, एवढंच सांगतो. कथानकाला या सीनची फारशी गरज नाही. हेरगिरीचं प्रकरण त्याने इंचभरही पुढे सरकत नाही. पण एका सहायक पात्राचं पुढे काय झालं, हे बघायला एक सिनेमा मुद्दाम थांबतो. बर्डीच्या बाबतीत जे कुणी केलं नाही, ते इथे कुणीतरी करतं.

नंतर

१९६१ साली 'द मिसफिट्स'मध्ये ती इझाबेल झाली. मेरिलिन मन्रोची घरमालकीण आणि सोबतीण. क्लार्क गेबल आणि मन्रो या दोघांचा हा शेवटचा पूर्ण सिनेमा, त्यामुळे त्याच्याबद्दल बोलताना सगळे त्यांच्याबद्दलच बोलतात. गंमत म्हणजे इझाबेलसुद्धा मध्येच निघून जाते. रोडिओच्या गर्दीत तिला तिचा जुना नवरा त्याच्या आताच्या बायकोसोबत भेटतो, आणि ही त्या दोघांना पाहुणे म्हणून घेऊन घरी जाते. पुन्हा परतत नाही. फरक इतकाच की या वेळी तिला जायला कारण दिलंय, आणि तेही तिच्या स्वभावाला शोभणारं.

पुढच्याच वर्षी 'बर्डमॅन ऑफ अल्कॅट्रॅझ'मध्ये तिने बर्ट लँकेस्टरच्या आईचं काम केलं, जी त्याच्याहून प्रत्यक्षात अकराच वर्षांनी मोठी होती. इथे विनोद जवळजवळ नाही. मुलाला फाशीपासून वाचवायला धडपडणारी आई मुलाने लग्न केल्यावर त्याच्यावरच उलटते. ज्यांना वाटतं रिटर फक्त टोमणे मारायची, त्यांनी हा थंड चेहरा बघावा. ५ फेब्रुवारी १९६९ला ती न्यूयॉर्कमध्ये गेली, सदुसष्टावा वाढदिवस नऊ दिवसांवर असताना.

कुठून सुरू करायचं? 'रिअर विंडो' बहुतेकांनी बघितलेला असतो, तो पुन्हा लावा आणि या वेळी स्टेला खोलीत असताना फक्त तिच्या हातांकडे बघा. बोलताना ते कधी रिकामे असतात का ते मोजा. मग 'पिकअप ऑन साउथ स्ट्रीट', ऐंशी मिनिटांचा आहे, एका संध्याकाळी होतो. 'ऑल अबाउट ईव्ह' शेवटी. पार्टी संपली, पाहुणे गेले, की जरा थांबवा आणि कोटांच्या त्या ढिगाशी उभी असलेली बाई आठवा. पुढचा सव्वा तास तिच्याशिवाय बघायचा आहे.